वेताळापासून आयर्न मॅनपर्यंत : जुन्या कॉमिक्समधल्या ‘लेडी डॉन’ला कायम कारण का द्यावं लागायचं?

घर बदलताना आधी माळा रिकामा होतो. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कॉलन्यांमधून रावेत, किवळे, पुनावळ्याच्या नव्या टॉवरमध्ये सामान हलवणाऱ्या एखाद्या घरात हमखास एक पत्र्याची ट्रंक निघते. वर जुने दिवाळी अंक, खाली चांदोबा, किशोर आणि अगदी तळाला कोपरे दुमडलेली, पिवळी पडलेली इंद्रजाल कॉमिक्स. मुखपृष्ठावर वेताळ. कवटीची अंगठी, डोळ्यांवर मुखवटा आणि समोर कुणीतरी गुंड आडवा झालेला.

आता त्या गुंडांची यादी आठवून बघा. समुद्री चाचे, हिऱ्यांचे तस्कर, शिकारी, भाडोत्री सैनिक. या सगळ्या टोळ्यांमध्ये म्होरक्या बाई होती, असं एक तरी नाव पटकन आठवतं का?

बहुतेकांना आठवणार नाही. कुणी ‘मोना डार्लिंग’ म्हणेल. पण ‘जंजीर’मधली बिंदूची मोना तेजाच्या बाजूला असते. अड्डा तेजाचा, माणसं तेजाची, हुकूमही तेजाचा. मोनाचं नाव लक्षात राहिलं, टोळी काही तिची नव्हती.

कॉमिक्समध्ये मात्र खऱ्याखुऱ्या टोळीप्रमुख बायका होत्या, आणि बऱ्याच आधीपासून होत्या. पुरुष डॉन गुन्हेगार का झाला, हे लेखकाला सांगावंसं वाटलं तर तो सांगायचा, नाही तर नाही. बाई डॉन झाली की मात्र तिच्यासाठी काहीतरी कारण शोधावंच लागायचं. बाप, प्रियकर, जळालेला चेहरा, डोक्याला बसलेला मार, यातलं काहीतरी एक. ती टोळी चालवते कारण तिला ती चालवता येते, एवढं कारण कुणालाच पुरेसं वाटलं नाही.

वेताळाची दुसरी लढाई बायकांशी होती

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात फँटमची चित्रपट्टी सुरू केली. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती. अंगाला चिकटलेला पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा, हे सुपरहिरोचं रूप आधी फँटमने रुळवलं. आपल्याकडे हाच फँटम वेताळ झाला.

पहिल्या कथेत त्याचे शत्रू समुद्री चाचे होते. दुसरी कथा नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली, तिचं नाव ‘स्काय बँड’. ही विमानं लुटणारी टोळी होती आणि तिच्यात सगळ्या बायका. प्रमुख होती बॅरोनेस, आणि तिच्या खालोखाल साला नावाची वैमानिक.

१९३६ साल म्हणजे काय, ते जरा लक्षात घ्या. प्रवासी विमान हीच नवलाई होती. अमेलिया इअरहार्टने एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला त्याला चारच वर्षं झाली होती. विमान उडवणारी बाई म्हणजे बातमी होती. ली फॉकने ती बातमी उचलली, उलटी केली आणि विमानं उडवणाऱ्या बायकांची दरोडेखोर टोळी बनवली. कल्पना आजही भन्नाट वाटते.

पण पुढे होतं काय? टोळी वेताळाला पकडते आणि बॅरोनेस त्याच्या प्रेमात पडते. सालाही त्याच्याच प्रेमात पडते. विमानं लुटणारी टोळी बघता बघता प्रेमाच्या त्रिकोणात अडकते. सिंग चाच्यांचा सरदार कुणाच्या प्रेमात पडून गारद झाला नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. बिचारी डायना पामर तिकडे वेगळीच वाट बघत होती. तिचं वेताळाशी लग्न लागायला १९७७ साल उजाडलं.

साठ वर्षांनी, १९९६ मध्ये ‘द फँटम’ हा सिनेमा आला. त्यात साला होती कॅथरीन झीटा-जोन्स. सिनेमातही ती आणि तिच्या वैमानिक बायका आहेत, पण त्या झँडर ड्रॅक्स नावाच्या पुरुष खलनायकासाठी काम करतात. शेवटाकडे साला बाजू बदलते. बॅरोनेस गायबच. म्हणजे १९३६ मध्ये टोळी निदान बायकांच्या मालकीची होती, १९९६ मध्ये तीही नोकरीला लागली.

डेंकाली आणि सिंगा

मराठी वाचकाला हे सगळं जग इंद्रजाल कॉमिक्सने दिलं. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ही मालिका सुरू केली. पहिले बत्तीस अंक फक्त वेताळाचे होते. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आली. अनेक भारतीय भाषांबरोबर मराठीतही ही कॉमिक्स निघाली. १९९० मध्ये मालिका बंद झाली, तोपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले होते. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली मुखपृष्ठं आजही जुने वाचक लांबून ओळखतात.

मूळच्या चित्रपट्ट्या कापून, जोडून, छोट्या पुस्तकात बसवल्या जायच्या. नावंही बदलली जायची. वेताळाचा मूळ देश ‘बंगाला’. बंगालशी घोळ नको म्हणून भारतात तो ‘डेंकाली’ झाला. ‘सिंग’ चाच्यांचे झाले ‘सिंगा’. कुणाच्या भावना दुखावू नयेत, यासाठी केलेली ही साधी काळजी होती. नाव बदलायची ही युक्ती पुढे अमेरिकेतल्या एका टोळीच्या बाबतीतही दिसणार आहे.

खरी चाची, कागदावरची ड्रॅगन लेडी

बॅरोनेसच्याही दोन वर्षं आधी, १९३४ मध्ये, मिल्टन कॅनिफ यांच्या ‘टेरी अँड द पायरेट्स’ या चित्रपट्टीत ड्रॅगन लेडी अवतरली. चीनच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांची राणी. तिला दिलेलं नाव होतं लाय चोई सान, आणि हे नाव खऱ्या बाईचं होतं. अॅलेको लिलियस या पत्रकाराने १९३० मध्ये चिनी चाच्यांबरोबरच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. त्यात मकाऊची एक बाई भेटते, जी स्वतःच्या सशस्त्र जहाजांचा ताफा चालवते. तिचा धंदा मुख्यतः ‘संरक्षणा’चा. कोळ्यांनी पैसे द्यायचे, बदल्यात त्यांना कुणी लुटणार नाही. साध्या मराठीत सांगायचं तर हप्ता.

हप्ता गोळा करणारी बाई हे पात्र किती रोखठोक आहे बघा. कॅनिफच्या हातात आल्यावर तिला लांब सिगारेट होल्डर मिळाला, उंची गाऊन मिळाले आणि नायकाच्या दोस्तावर, पॅट रायनवर, जीव जडला. पुढे जपानने चीनवर आक्रमण केल्यावर ती जपान्यांशी लढायलाही उतरली. पात्र म्हणून ड्रॅगन लेडी अफलातूनच आहे. ‘ड्रॅगन लेडी’ हा शब्द मात्र नंतर इंग्रजीत कुठल्याही कडक आशियाई बाईसाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला, ती किंमत दुसऱ्याच बायकांनी चुकवली.

कॅटवूमनच्या डोक्याला मार

१९४० च्या वसंतात ‘बॅटमॅन’चा पहिला अंक निघाला. त्यात ‘द कॅट’ नावाची दागिनेचोर होती. म्हातारीचं सोंग घेऊन ती एका बोटीवर हार चोरायला येते, बॅटमॅन तिला पकडतो आणि मग चक्क निसटू देतो. तीच पुढे कॅटवूमन झाली. चाळीसच्या दशकात ती एकटी चोर न राहता हाताखाली माणसं बाळगणारी टोळीप्रमुख झाली. मांजरांचे संकेत ठेवून दरोडे घालणं ही तिची खासियत.

दहा वर्षं ती बिनकारणाची गुन्हेगार होती. चोरी आवडते, जमते, म्हणून करते. मग १९५० च्या अखेरीस निघालेल्या बॅटमॅनच्या बासष्टाव्या अंकात तिचा भूतकाळ सांगितला गेला. ती म्हणे सेलिना काइल नावाची हवाई सुंदरी होती. विमान कोसळलं, डोक्याला मार बसला, स्मृती गेली आणि त्या गोंधळात ती गुन्हेगार बनली. पुन्हा डोक्याला मार बसतो, स्मृती परत येते आणि बाई सुधारते!

आपल्या जुन्या सिनेमातल्या स्मृतिभ्रंशाची आठवण झाली असेल, तर ती चुकीची नाही. जोकरला मात्र असा निर्दोष भूतकाळ मिळाला नाही. त्याच सुमारास जोकरचीही उगमकथा आली, तीत तो रसायनांच्या हौदात पडतो. पण हौदात पडायच्या आधीही तो चोरच होता.

कॅटवूमनची ही सज्जनपणाची गोष्ट फार टिकली नाही. १९५४ मध्ये ती पुन्हा गुन्हेगारीकडे वळली आणि त्याच वर्षी गायब झाली. कारण कथेच्या बाहेर होतं. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक त्या वर्षी आलं. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. वर्थम यांनी चाबूक चालवणाऱ्या कॅटवूमनचं नाव घेऊन टीका केली होती. सरकारने कायदा करण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच नियमावली केली, तिचं नाव ‘कॉमिक्स कोड’. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, शेवटी चांगल्याचाच जय व्हायला हवा, बायकांची चित्रं भडक नकोत, असे नियम त्यात होते. हा शिक्का नसलेला अंक बहुतेक विक्रेते दुकानात ठेवायलाच तयार नसत.

या नियमांत बाई डॉनसाठी जागा उरलीच नाही. तिला देखणी दाखवायचं नाही, तिच्याबद्दल आपुलकी वाटू द्यायची नाही. जोकर, पेंग्विन सौम्य होऊन टिकले. कॅटवूमन १९६६ पर्यंत कॉमिक्समध्ये फिरकली नाही. त्या वर्षी टीव्हीवर ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली, ज्युली न्यूमारने काळ्या पोशाखात, गुंडांचा ताफा घेऊन धमाल उडवली, तेव्हा कुठे कॉमिक्सला तिची आठवण झाली.

‘बिग एम’ म्हणजे कोण?

आता या सगळ्यांत जिची गोष्ट सगळ्यात नीट अभ्यासावी अशी बाई. व्हिटनी फ्रॉस्ट.

मार्व्हलच्या जगात ‘मॅगिया’ नावाची गुन्हेगारी संघटना आहे. नाव ऐकल्यावर जे वाटतं तेच ते आहे, माफिया. पण माफिया म्हटलं की इटालियन वंशाचे लोक नाराज होणार, खरे माफियाही नाराज होणार. म्हणून एक अक्षर बदललं. बंगालाची डेंकाली झाली, माफियाची मॅगिया. ही संघटना १९६५ मध्ये ‘अॅव्हेंजर्स’च्या तेराव्या अंकात आली. तिचा एक प्रमुख होता काउंट नेफारिया, इटलीतला गडगंज सरदार. तो डॉन का झाला? कुणी विचारलं नाही. सत्ता हवी होती, झाला.

जुलै १९६७ मध्ये ‘स्पायडर-मॅन’च्या पन्नासाव्या अंकात किंगपिन आला. स्पायडर-मॅनने निवृत्ती घेतल्याची संधी साधून त्याने शहरातल्या टोळ्या एकत्र केल्या आणि आता साहेब मी, असं जाहीर केलं. मागे ना बालपण, ना दुखावलेलं मन. ढेरपोट्या, टकला, सूट घातलेला माणूस, आणि तो साहेब आहे. वाचकांनी मान्य केलं.

बरोबर सहा महिन्यांनी, जानेवारी १९६८ ची तारीख असलेल्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या सत्त्याण्णवाव्या अंकात, स्टॅन ली आणि चित्रकार जीन कोलन यांनी व्हिटनी फ्रॉस्टला आणलं. मॅगियाचा नवा प्रमुख ‘बिग एम’ या नावाने ओळखला जातो. आयर्न मॅनला पकडण्यापर्यंत त्याची मजल गेली आहे. चाबूकवाला व्हिपलॅश त्याचं काम करतो. ‘आयर्न मॅन २’ सिनेमामुळे हा व्हिपलॅश आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक आहे. मुळात तो मॅगियाचा माणूस. आणि बिग एम? ती बाई निघते. वरच्या वर्तुळात वावरणारी, श्रीमंत, देखणी व्हिटनी.

इथपर्यंत सगळं किंगपिनच्या तोडीचं आहे. मग तिची जन्मकथा उलगडते.

ती खरी काउंट नेफारियाची मुलगी, जूलिएटा. बापाने तिला लहानपणीच बायरन फ्रॉस्ट या आपल्याच माणसाच्या घरी वाढायला दिलं. तिला काहीच माहीत नव्हतं. फ्रॉस्ट गेल्यावर नेफारिया समोर आला आणि म्हणाला, तू माझी मुलगी, आता माझी गादी तू सांभाळ. व्हिटनी घाबरून नकार देते आणि होणाऱ्या नवऱ्याकडे धाव घेते. तो रॉजर व्हेन, उगवता राजकारणी. डॉनची मुलगी बायको म्हणून नको, करिअर संपेल, असं सांगून तो लग्न मोडतो. मग व्हिटनी बापाकडे जाते, डावपेच शिकते, लढायला शिकते. बाप तुरुंगात गेल्यावर गादी तिच्याकडे येते.

ही गोष्ट नीट वाचली तर तिच्यात एक अस्सल धागा आहे. मुलीला सज्जन घराने वाढवलं, पण रक्ताचं नाव कळताच सज्जन समाजाने दार लावून घेतलं. राजकारणी नवरा पळाला, गुन्हेगार बापाने निदान काम दिलं. आपल्याकडे खानदान बघून लग्नं मोडणाऱ्यांना हा प्रसंग परका वाटायचा नाही. लेखकांनी इथेच थांबून तिला टोळी चालवू दिली असती, तर मार्व्हलला किंगपिनच्या बरोबरीची बाई मिळाली असती.

ते थांबले नाहीत. शील्डचा एजंट जॅस्पर सिटवेल याच्याशी प्रेमाचं नाटक करून व्हिटनी टोनी स्टार्कच्या कंपनीत शिरकाव करते. डाव फसतो, पळताना विमान कोसळतं, रसायनांनी तिचा चेहरा भाजतो. सोन्याचा वेडा असलेला मायडास नावाचा धनदांडगा तिला वाचवतो आणि सोन्याचा मुखवटा देतो. सप्टेंबर १९६९ च्या ‘आयर्न मॅन’च्या सतराव्या अंकात ती ‘मॅडम मास्क’ म्हणून परत येते. या रूपाचे लेखक आर्ची गुडविन आणि चित्रकार जॉर्ज टस्का. आता ती बिग एम नाही, मायडासच्या पदरी आहे. आणि आता ती टोनी स्टार्कच्या प्रेमात पडणार आहे, कारण मुखवट्यामागचा चेहरा बघूनही तो तोंड फिरवत नाही.

दीड-पावणेदोन वर्षांत मॅगियाची प्रमुख दुसऱ्याच्या पदरी कामाला लागली आणि नायकाची प्रेयसी झाली. स्काय बँडचंच पुन्हा झालं, फक्त मुखवटा सोन्याचा.

इथे कुणी म्हणेल, चेहरा तर डॉक्टर डूमचाही जळला होता. खरंय. पण डूमने मुखवटा चढवला आणि एका देशाचा राजा झाला. तो चेहरा त्याच्या गर्वाची खूण आहे. व्हिटनीचा मुखवटा तिच्या लाजेची खूण. एकाच प्रकारची जखम, पण एकाला सिंहासन मिळालं आणि दुसरीला आरशाची भीती.

सत्तरच्या दशकात स्टार्क आणि मॅडम मास्कची जोडी बराच काळ टिकली. त्या काळातल्या कथा चांगल्या आहेत, मुखवट्याखाली एक थकलेली, प्रेमाला आसुसलेली बाई दिसते. १९७८ मध्ये बाप मरणाच्या दारात उभा राहतो आणि व्हिटनीला एकाची निवड करावी लागते. ती बापाची बाजू घेते. लढाईत नेफारिया मरतो, ती स्टार्कपासून कायमची तुटते आणि पुन्हा टोळीकडे जाते. चाळीस-पन्नास वर्षं तिची गोष्ट बाप आणि प्रियकर या दोन खुंट्यांमध्ये हेलकावे खाते. पैसा कुठून येतो, माणसं कोण, हद्द कुठली, हप्ता किती, हे किंगपिनच्या कथांमध्ये सापडणारे प्रश्न तिच्या कथांमध्ये फारसे कुणी विचारलेच नाहीत.

२०१६ मध्ये ‘एजंट कार्टर’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात व्हिटनी फ्रॉस्ट टीव्हीवर आली. तिथे ती चाळीसच्या दशकातली हॉलीवूड नटी आहे आणि छुपी शास्त्रज्ञही. सगळे फक्त तिचं सौंदर्य बघतात, डोकं कुणी बघत नाही. मूळ कॉमिक्सवर ही जरा उशिरा आलेली टीकाच म्हणायची.

दरोडेखोराचा मुलगा, डॉनची मुलगी

इंद्रजालमध्ये १९७६ च्या अखेरीस एक अस्सल भारतीय नायक आला, बहादूर. लेखक आबिद सुरती, तेच ‘ढब्बूजी’वाले. सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूरचा बाप भैरवसिंह हा डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. बहादूर सूडाच्या इराद्याने वाढतो. मग ज्याच्यावर सूड घ्यायचा, तोच पोलीस अधिकारी त्याला जवळ करतो आणि बहादूर डाकूंविरुद्ध उभा राहतो.

व्हिटनी आणि बहादूर शेजारी ठेवून बघा. दोघांचे बाप गुन्हेगार. मुलगा बापाचा वारसा झुगारतो आणि नायक होतो. मुलगी तोच वारसा झुगारू बघते, पण गोष्ट तिला परत बापाच्या दारात आणून सोडते. अर्थात बहादूरला समोर एक माणूस भेटला ज्याने हात दिला, व्हिटनीला भेटला रॉजर व्हेन.

खऱ्या जगात कारण साधं होतं

कॉमिक्सवाले कारणं शोधत होते त्याच काळात खऱ्या जगात बायका टोळ्या चालवत होत्या, आणि त्यांची कारणं समजायला फार मेहनत लागत नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२० आणि १९३० च्या दशकांत स्टेफनी सेंट क्लेअर आकड्यांचा जुगार चालवायची. हा जुगार म्हणजे आपला मटकाच. योगायोग असा की मुंबईतला आकडाही सुरुवातीला न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर लावला जायचा. काळ्या वस्तीत बँका कर्ज देत नव्हत्या, धंद्याच्या वाटा बंद होत्या, आकड्यात पैसा होता. डच शुल्ट्झ नावाच्या गोऱ्या गुंडाने तो धंदा गिळायचा प्रयत्न केला, तेव्हा ती हटली नाही. हप्तेखोर पोलिसांविरुद्ध तिने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. १९३५ मध्ये शुल्ट्झला गोळ्या लागल्या, तेव्हा तिने त्याला दवाखान्यात तार धाडली. मतलब एवढाच की पेरलं तेच उगवलं.

मुंबईत डोंगरीची जेनाबाई. एस. हुसेन झैदी यांच्या २०११ मधल्या ‘माफिया क्वीन्स ऑफ मुंबई’ या पुस्तकात तिची कहाणी आहे. फाळणीनंतर नवरा पाकिस्तानात गेला. ती गेली नाही, पोरांना घेऊन डोंगरीतच राहिली. आधी रेशनच्या धान्याचा काळाबाजार केला. मग दारू. ‘जेनाबाई दारूवाली’ हे नाव तिथून आलं. पुढे हाजी मस्तानसारखा माणूसही तिचा सल्ला घ्यायचा, असं झैदी लिहितात.

तिचा धंदा उभा राहिला तो दोन कायद्यांच्या सावलीत. रेशनिंगमुळे धान्य मोजून मिळायचं, म्हणून काळाबाजार. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, म्हणून हातभट्टी. तोच कायदा बदलत बदलत आजही राज्यात लागू आहे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर ‘परमिट रूम’ अशा ज्या पाट्या दिसतात, त्यातलं परमिट त्याच कायद्यातलं. लोकांना हवी असलेली वस्तू बंद झाली, की ती पुरवणारं कुणीतरी उभं राहतं. घरात बसून, भांड्यात गाळून, शेजारपाजाऱ्यांना विकता येणारा हा धंदा असल्याने बायकांना तो करता आला. भांडवल थोडं, जागा स्वतःची आणि पोरांची पोटं भरायची. तिथे चेहरा जळावा लागला नाही, डोक्याला मार बसावा लागला नाही.

म्हणून जेनाबाई काही आदर्श ठरत नाही. हातभट्टीच्या दारूने किती घरं धुळीला मिळाली, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पण तिला समजून घ्यायला रेशनकार्ड पुरतं.

एकीला मात्र भूक हे कारण मिळालं

कॉमिक्समध्ये या वास्तवाच्या सगळ्यात जवळ पोचलेली बाई सुपरहिरोंच्या जगाबाहेर सापडते. पीटर ओ’डॉनेल आणि चित्रकार जिम होल्डवे यांनी मे १९६३ मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये ‘मॉडेस्टी ब्लेझ’ सुरू केली. मॉडेस्टी ही निर्वासित पोर. युद्धात सगळं गेलेलं, नावसुद्धा नाही. भटकत भटकत टँजिअरला पोचते, तिथल्या टोळीत शिरते, विशीत असतानाच ती टोळी ताब्यात घेते आणि ‘नेटवर्क’ नावाने देशोदेशी पसरवते. अमली पदार्थ आणि बायकांचा व्यापार या दोन गोष्टींना ती हात लावत नाही. पुरेसा पैसा साठला, की धंदा बंद करून निवृत्त होते. गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

ओ’डॉनेल दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून इराणमध्ये होते. तिथे एक एकटी, निर्वासित पोरगी छावणीपाशी आली होती. तिला खायला दिलं, ती निघून गेली. ती पोर डोक्यात राहिली आणि तिच्यातून मॉडेस्टी आली, असं ते सांगत. मॉडेस्टीचा सहकारी विली गार्विन तिच्यासाठी जीव द्यायला तयार असतो, पण दोघांमध्ये प्रेमप्रकरण नाही. तो तिला ‘प्रिन्सेस’ म्हणतो आणि तिचा हुकूम पाळतो. टोळी तिची होती, हे तो कधी विसरत नाही.

मॉडेस्टी नायिका होती म्हणून तिला ही मोकळीक मिळाली, असंही म्हणता येईल. खलनायिकांच्या वाट्याला बापच येत राहिला. २०२४ मधल्या ‘द पेंग्विन’ मालिकेतली सोफिया फाल्कोनी बघा. गॉथमच्या डॉनची हुशार मुलगी, गादी तिच्याकडेच जाणार असं ठरलेलं, आणि बापच तिला वेडी ठरवून कोंडून ठेवतो. क्रिस्टिन मिलिओटीने ही भूमिका अशी केली की मालिकेचा नायक पेंग्विन काही भागांत मागे पडतो. सोफिया जेव्हा टोळी हातात घेते, तेव्हा जमलेल्या गुंडांसमोर आधी एक गोष्ट करते. बापाचं आडनाव टाकते आणि आईचं लावते. जिगांते.